काटा खाली का आला?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणाने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग तुरुंगासारखा होऊ लागला. कैद्यांना किल्ल्यातले विषारी पाणी प्यावयास लावीत आणि त्यातच त्यांचा अंत होई, अशी हकीकत या किल्ल्याविषयी सांगितली जाते. पाणी घातक होण्यासाठी त्यात कोणी विष कालवावे लागत नाही. नवे पाणी येत नाही, जुने जात नाही, वरून पालापाचोळा पडतो आणि ऊन तापते, एवढे पुरते. साचलेले पाणी आपल्या गुणानेच बिघडते.

आता शहरातला पोहण्याचा तलाव डोळ्यांपुढे आणा. निळ्या फरश्यांमुळे त्यातले पाणी कितीही सुंदर दिसले तरी तेही साचलेलेच पाणी. शिवाय त्यात रोज शेकडो माणसे उतरतात. घाम, केस, अंगाचे तेल, पायाची धूळ आणि लहान मुलांकडून होणारे आणखी काही, असे सर्व त्यात मिसळते. तलाव २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरला, तर त्यात ४५० घनमीटर, म्हणजे साडेचार लाख लिटर पाणी मावते. ते रोज बदलणे कोणाला परवडणार? म्हणून तेच पाणी पंपाने ओढून वाळूच्या गाळणीतून ढकलतात, त्यात क्लोरीन मिसळतात आणि पुन्हा तलावात सोडतात. हे चक्र चालू आहे तोवर तलाव जिवंत. चक्र मंदावले, की तलावाचा प्रवास आंबागडच्या पाण्याच्या दिशेने सुरू झाला असे समजा.

चक्र मंदावले हे कळते कसे? पंपघरात गाळणीच्या टाकीवर एक घड्याळासारखे दाबमापक बसविलेले असते. रोज ज्याचा काटा ०.८ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरवर असतो, तो आज ०.४ वर आहे. तलावात पाणी सोडणाऱ्या तोट्यांतून येणारी धारही मंद आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला उपाय होतो तो गाळणी धुण्याचा. झडप फिरवून पाणी उलट दिशेने सोडतात, हजारो लिटर पाणी गटारात जाते, झडप पूर्ववत करतात, आणि काटा असतो तेथेच, किंवा आणखी थोडा खाली! मग पुन्हा धुलाई. विद्यार्थीमित्रांनो, दहावीपर्यंतचे पदार्थविज्ञान नीट समजलेला मुलगा किंवा मुलगी ही चूक करणार नाही. तो काटा स्पष्ट सांगत असतो, की या वेळी गाळणीचा दोष नाही.

प्रथम पाण्याचा मार्ग पाहू. तलावाच्या तळाशी आणि काठाजवळ जाळ्या असतात. त्यांतून पाणी चोषणनळात शिरते. पंपाच्या आधी एका डब्यात एक टोपली असते. केस, धागे, पाने तिच्यात अडकतात. त्यानंतर पंप. पंपानंतर गाळणीची बंद टाकी. तिच्यात वाळूचा जाड थर असतो. पाणी वरून खाली वाळूतून झिरपते, तळाशी बसविलेल्या भोके असलेल्या नळ्यांत गोळा होते आणि परत तलावाकडे जाते. दाबमापक बसते ते पंपाच्या नंतर व वाळूच्या आधी. ही जागा लक्षात ठेवा. सगळे कोडे तिच्यावरच सुटणार आहे.

दाबमापक हे यंत्रही मजेचे आहे. युजीन बोर्दाँ या फ्रेंच कारागिराने १८४९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आत एक चपटी, वाकविलेली धातूची नळी असते. तिचे एक टोक बंद असते व दुसऱ्या टोकाने पाण्याचा दाब आत शिरतो. जत्रेत गुंडाळलेल्या कागदी जिभेची पिपाणी मिळते, फुंकली की ती उलगडते. तसेच येथे. दाब वाढला की नळी किंचित सरळ होऊ पाहते आणि लहानशा दातेरी चक्राने काट्याला फिरविते. पंप बंद केल्यावर काटा शून्यावर यावयास हवा. तलावाची पातळी दाबमापकापेक्षा वर असेल तर तेवढ्या उंचीचा दाब तो दाखवील. दर मीटरला ०.१ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर, असा हिशेब धरा. याहून वेगळा आकडा दिसला तर आधी दाबमापकच बिघडले आहे. रोग्याची परीक्षा करण्यापूर्वी वैद्याने आपला ताप मोजण्याचा काच तपासावा, त्यातलाच हा प्रकार.

आता कोड्याकडे वळू. आणि त्यासाठी पाणी थोडा वेळ बाजूला ठेवून विजेचा विचार करू.

१२ व्होल्टची एक बॅटरी घ्या. तिचा अंतर्गत रोध २ ओहम आणि बाहेर जोडलेला रोध ४ ओहम आहे. एकूण रोध ६ ओहम, म्हणून विद्युतधारा २ अँपिअर. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टमापक लावले तर ते २ गुणिले ४, म्हणजे ८ व्होल्ट दाखवील. आता बाहेरचा रोध वाढवून १० ओहम करा. एकूण १२ ओहम, धारा १ अँपिअर, व्होल्टमापक १० वर. धारा निम्मी झाली आणि व्होल्टमापकाचा काटा वर गेला. पुन्हा पहिल्या स्थितीत या. या वेळी बाहेरचा रोध ४ ओहमच राहू द्या, पण बॅटरीचा अंतर्गत रोध २ वरून ८ ओहम झाला असे समजा. एकूण १२ ओहम, धारा पुन्हा १ अँपिअरच. पण व्होल्टमापक आता ४ वर उतरले.

दोन्ही वेळा धारा निम्मी झाली. एकदा काटा चढला, एकदा उतरला. म्हणजे नुसती धारा पाहून अडथळा कोठे आहे ते कळत नाही. नुसता काटा पाहूनही खात्री होत नाही. दोन्ही मिळून पाहिले, तर तो मापकाच्या अलीकडे आहे की पलीकडे ते नेमके कळते.

पंप ही आपली बॅटरी, पाण्याचा ओघ ही धारा, दाबमापक हे व्होल्टमापक. गाळणीत घाण भरली तर पलीकडचा अडथळा वाढला: ओघ कमी, काटा वर. उलट टोपली केसांनी भरली, चोषणनळाची झडप अर्धवट बंद राहिली, किंवा पंपाच्या आतच काही अडकले, तर अलीकडचा अडथळा वाढला: ओघ कमी, काटाही खाली. काटा खाली असताना गाळणी धुणे म्हणजे बॅटरी उतरली असता दिव्याची काच पुसण्यासारखे आहे. (ही तुलना थोडी ढोबळ आहे, हे शिक्षकांच्या लक्षात येईलच. ओहमच्या नियमात विभवांतर धारेच्या प्रमाणात वाढते. पाणी नळातून खळाळत वेगाने जात असता दाबातील घट ओघाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. आकडे बदलतील, काट्याची दिशा बदलणार नाही.)

वाळूच्या बाबतीत मात्र ओहमसारखाच सरळ नियम लागू पडतो आणि तो सापडला तोच मुळी गाळणीच्या कामात. फ्रान्समधील दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारा अभियंता आंरी दार्सी याने वाळू भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १८५६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याला आढळले, की झिरपणाऱ्या पाण्याचा ओघ दाबाच्या फरकाच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. भूगर्भातील पाणी, तेलाच्या खाणी, धरणाखालची गळती, सगळीकडे आज हाच नियम वापरतात. कण बारीक झाले की अडथळा झपाट्याने वाढतो. कणाचा व्यास निम्मा केला तर त्याच दाबाला साधारण चौथा हिस्सा पाणी जाते. घाणीचे सूक्ष्म कण वाळूच्या फटींत बसले की नेमके हेच घडते, फटी लहान होतात. म्हणून गाळणी धुण्याची खूण म्हणजे काटा चढणे. स्वच्छ गाळणीचा जो आकडा असेल त्यापेक्षा तो अर्धा किलोग्रॅम किंवा थोडा अधिक वर गेला, की धुलाईची वेळ झाली.

त्याआधी धुतली तर काय बिघडले? एक तर पाणी वाया जाते. एक चौरस मीटर क्षेत्राची गाळणी ताशी ४० मीटर वेगाने पाच मिनिटे उलटी धुतली, तर सुमारे ३,३०० लिटर पाणी वाहून जाते. खेड्यातील नळयोजनेत माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने साठ माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. नुकतीच धुतलेली वाळू चांगली गाळत नाही. गाळणीतील वाळूचे कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात व त्यांमधील फटी घाणीच्या बारीक कणांपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात. तरीही ते कण अडकतात, कारण ते वाळूच्या पृष्ठभागाला चिकटतात, आणि आधी चिकटलेली थोडी घाण पुढच्या घाणीला धरून ठेवते. थोडी मळलेली गाळणी अधिक चांगली, ही गोष्ट आपल्या घरातील स्वच्छतेच्या कल्पनेत बसत नाही. पण खरी आहे. पहाऱ्यावरच्या माणसाने काटा हलला की गाळणी धुवावी, ही सवय मला सर्वांत वाईट वाटते.

उलट्या धुलाईचा आणखी एक परिणाम आहे आणि त्यावरचा एक सुंदर उपाय आंबागडपासून फार दूर नसलेल्या रामटेकला झाला. उलट्या प्रवाहात वाळू वर उचलली जाते आणि मग पुन्हा खाली बसते. बसताना जाड कण लवकर तळाशी जातात, बारीक कण मागे राहतात व वर येतात. परिणाम असा, की सर्वांत बारीक वाळू नेमकी वरच्या थरात साचते, सगळी घाण तेथेच अडते आणि खालची जाड वाळू जवळजवळ रिकामी राहते. काटा लवकर चढतो. वर जाड आणि खाली बारीक कण ठेवता आले तर? पण प्रत्येक धुलाईनंतर ते पुन्हा उलटणारच. यातून सुटण्याची युक्ती म्हणजे वरचे जाड कण हलक्या पदार्थाचे घेणे. जाड असूनही ते सावकाश बसतात आणि वरच राहतात. पाश्चात्त्य देशांत यासाठी अँथ्रासाइट कोळसा वापरतात. महाराष्ट्रातील अभियंते जे. एन. कर्डिले यांनी १९७३ च्या सुमारास रामटेकच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्याजागी नारळाच्या करवंट्यांचा चुरा वापरला. करवंटी वाळूपेक्षा पुष्कळ हलकी, टणक आणि आपल्याकडे देवळाच्या मागे ढिगाने मिळणारी. रामटेकसारख्या देवस्थानाच्या गावी तिचा असा उपयोग व्हावा, हे मोठे समर्पक वाटते.

हे सर्व झाले काटा वर जाण्याविषयी. आपला काटा तर खाली आहे. तेव्हा पंपाच्या अलीकडे जाऊ.

पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो ओढत नाही. पंपाचा पंखा आपल्या मध्यभागातील पाणी कडेला फेकतो, त्यामुळे मध्यभागी दाब कमी होतो, आणि तलावाच्या पृष्ठभागावर दडपण ठेवून असलेली हवा पाण्याला नळातून पंपाकडे ढकलते. या हवेची ताकद मर्यादित आहे. पाणी चोषणपंपाने सुमारे १८ हातांपलीकडे चढत नाही, ही अडचण गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदली होती. त्याचा शिष्य टॉरिसेली याने पुढे पाऱ्याच्या नळीने तिचे कारण दाखविले. समुद्रसपाटीला हवा १०.३ मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलू शकते. आंबागडच्या परिसरात, समुद्रसपाटीपासूनची उंची जमेस धरता, सुमारे १० मीटर. त्यातून पाण्याच्या स्वतःच्या वाफेचा दाब वजा करा. ३० अंश सेल्सिअसला तो जवळजवळ अर्धा मीटर भरतो. नळातील घर्षण वजा करा. व्यवहारात सहा-सात मीटर हाती राहतात.

आंबागडच्या विद्यार्थ्याला वाटेल, आमच्या गावात पोहण्याचा तलाव कोठे? नसेना का. भाताच्या या मुलखात विहिरीवरचा मोटारपंप तर तुम्ही रोज पाहता. पावसाळ्यात विहीर काठोकाठ असते तेव्हा काठावर ठेवलेला पंप भरपूर पाणी देतो. एप्रिलमध्ये पाणी खोल जाते आणि त्याच पंपाची धार बारीक होते. पंप जुना झाला, असे म्हणून कोणी मिस्त्रीला बोलावतो. पंप तोच आहे, हवाही तीच आहे. हवेला पाणी जास्त उंच चढवावे लागत आहे एवढेच. म्हणून शेतकरी पंप विहिरीत खाली उतरवितात. पाणबुडी पंपाला ही अडचण नाही, कारण तो पाण्यातच बुडालेला असतो व त्याला ढकलण्याचेच काम करावयाचे असते. खूप खोलीवरून पाणी घेण्याचा हट्ट धरला, तर पंपाच्या पोटात दाब इतका उतरतो की तेथे पाणी गार असतानाच उकळू लागते. वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढताच फटाफट फुटतात. पंपात खडे शिरल्यासारखा आवाज येतो. पोहण्याच्या तलावाची टोपली तुंबली की हाच आवाज पंपघरातही ऐकू येतो.

चोषणनळाला भोक असेल तर मात्र गंमत होते. गाळणीनंतरच्या नळाला भोक पडले तर पाण्याची चिळकांडी उडते, कोणालाही दिसते. चोषणनळात आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. त्यामुळे पंप चालू असताना भोकातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. जागा कोरडी ठणठणीत! दोष असा लपून राहतो. पण त्याच्या खुणा असतात. दाबमापकाचा काटा थरथरतो, तलावात येणाऱ्या धारेबरोबर बुडबुडे येतात, टोपलीच्या डब्याच्या पारदर्शक झाकणाखाली हवेची पोकळी दिसते. तलावातील पाण्याची पातळी काठाजवळच्या जाळीखाली गेली तरी हेच होते, म्हणून सर्वांत आधी पातळी पाहावी. नंतर एकेका सांध्यावर साबणाचा फेस लावावा. ज्या सांध्यात फेस आत ओढला जाईल आणि काटा क्षणभर स्थिर होईल तो दोषी. शेतकऱ्यांची युक्ती यापेक्षा जुनी आहे. फूटव्हॉल्व्ह गळत असेल आणि पंपात पाणी टिकत नसेल तर ते वरून शेणकाला ओततात. शेणातील गवताचे तंतू पाण्याबरोबर फटीपर्यंत जातात व तेथेच अडकून फट बुजवितात. हीसुद्धा एक गाळणीच. फक्त ती तुंबावी अशी आपली इच्छा असते.

चोषणनळावर निर्वातमापक बसविले असेल तर काम आणखी सोपे होते. टोपली किंवा झडप यांत अडथळा असेल तर निर्वातमापकाचा काटा नेहमीपेक्षा वर जातो, कारण पंप ओढतो आहे आणि पाणी येत नाही. हवा शिरत असेल किंवा पंपच दुबळा झाला असेल, तर निर्वातमापकही खाली येतो. दोन काटे, दोन साक्षीदार.

पंप दुबळा कसा होतो? आपल्याकडचे एक कारण परदेशी पुस्तकांत क्वचितच ठळकपणे सांगितलेले असते. तीन फेजची मोटार असेल आणि तारांचे काम झाल्यावर दोन फेजची अदलाबदल झाली, तर मोटार उलटी फिरू लागते. तुम्ही म्हणाल, मग पाणीही उलटे जाईल. तसे होत नाही. अपकेंद्री पंपात पंखा कोणत्याही दिशेने फिरला तरी पाणी मध्यातून कडेलाच फेकले जाते. ते योग्य नळातूनच बाहेर पडते, पण पात्यांचा बाक उलटा पडल्यामुळे दाब पुष्कळ कमी मिळतो. मोटार चालू, पाणी चालू, आवाजही साधारण तोच. काटा मात्र खाली. पंपाच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो. तो पाहण्यास अर्धे मिनिट लागते आणि तो न पाहता गाळणी उघडून वाळू बदलण्यास दोन दिवस लागतात. (तारा बदलण्याचे काम वायरमननेच करावयाचे, हे सांगावयास नको.) फेऱ्यांचा वेग कमी झाला तरी दाब घटतो, तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के घटला तर दाब एकोणीस टक्के घटेल. विजेचा दाब थोडा कमी झाल्याने मोटारीचा वेग सहसा एवढा घटत नाही. तेव्हा काटा निम्म्यावर आला असता सगळा दोष वीजमंडळावर ढकलू नये.

एक प्रकार अजून राहिला आणि तो फसवा आहे. काटा खाली आहे, पण तोट्यांतून येणारी धार नेहमीपेक्षा जोरात आहे, आणि तलाव मात्र गढूळ होत चालला आहे. बॅटरीच्या उदाहरणात बाहेरचा रोध ४ वरून १ ओहम करून पाहा: धारा ४ अँपिअर, व्होल्टमापक ४ वर. म्हणजे पाण्याला गाळणी टाळून जाण्याची पळवाट मिळाली. झडप चुकीच्या खुणेवर राहिली असेल, वाळूत भेगा पडल्या असतील, किंवा तळाच्या नळ्या फुटल्या असतील. नळ्या फुटल्या तर तलावात येणाऱ्या तोट्यांखाली वाळूची लहान ढिगुळे दिसतात. काटा आणि ओघ असे दोन्ही पाहण्याचा आग्रह मी धरला तो यासाठीच. केवळ काट्यावर गेलो असतो तर टोपली साफ करीत बसलो असतो.

ओघ निम्मा झाला तर एवढे काय बिघडले, असेही कोणी विचारील. आपल्या तलावात ताशी ७५ घनमीटर पाणी फिरते असे धरा. ४५० घनमीटरला सहा तास. म्हणजे सहा तासांत सगळे पाणी गाळले गेले? नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत असते आणि पंप त्या मिश्रणातूनच पाणी उचलतो. एका फेरीअखेर सुमारे ३७ टक्के पाणी गाळणीला भेटलेलेच नसते. दोन फेऱ्यांनंतर १४, तीननंतर ५, चारनंतर २ टक्के. किरणोत्सर्गी पदार्थाचा ऱ्हास होतो तोच हा घातांकी नियम. रात्रीच्या बारा तासांत पूर्ण ओघाने दोन फेऱ्या होतात, निम्म्या ओघाने एकच. सकाळी पहिली तुकडी उतरते तेव्हा १४ टक्क्यांऐवजी ३७ टक्के पाणी न गाळलेले राहिले. क्लोरीनही याच प्रवाहाबरोबर तलावभर पसरते, तेही निम्मेच पोचले. आणि पाणी गढुळले की क्लोरीन घाणीशी झगडण्यात खर्च होते, जंतू कणांच्या आडोशाला वाचतात. शेवटी तळ दिसेनासा होतो. ज्या तलावाचा तळ दिसत नाही त्यात बुडालेले मूलही दिसत नाही.

हे सर्व वर्गात करून पाहण्यास खर्च नाही. प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीचा तळ कापा, तोंडाला कापड बांधा, ती उलटी टांगून निम्मी धुतलेल्या वाळूने भरा. शेजारी स्टुलावर पाण्याची बादली ठेवा. बादलीतील पाण्याची पातळी बाटलीच्या काठापेक्षा किंचित खाली असावी आणि तांब्याने भर घालून ती तेवढीच राखावी. सलाइनच्या नळीने, वक्रनलिकेच्या तत्त्वावर, बादलीतील पाणी बाटलीत येऊ द्या. नळीचे टोक वाळूच्या वर, पाण्यात बुडालेले राहू द्या. थोड्या वेळाने बाटलीतील पातळी एका जागी स्थिर होईल. तेथे शाईने खूण करा आणि खालून पेला भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. ही पातळी म्हणजे तुमचे दाबमापक, बादली हा पंप. आता बाटलीत दोन चमचे चिखल टाका. पेला भरण्यास वेळ लागेल आणि पातळी खुणेच्या वर चढेल. वरची वाळू बदलून पुन्हा सुरुवात करा व या वेळी नळी चिमट्याने दाबा. पेला पुन्हा उशिराच भरेल, पण पातळी खुणेच्या खाली उतरेल. एका विद्यार्थ्याने बाटली पडद्याआड ठेवून चिखल किंवा चिमटा यांपैकी एक उपाय करावा आणि बाकीच्यांनी केवळ खूण व सेकंद यांवरून तो ओळखावा.

राहता राहिली एक गोष्ट, तलावात उतरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी. काटा एकाएकी खाली येण्याचे एक कारण असेही असू शकते, की तळाच्या जाळीवर काहीतरी चिकटले आहे. ते पान असेल, टॉवेल असेल, किंवा माणूस. २० सेंटीमीटर लांब-रुंद जाळीचे क्षेत्र ४०० चौरस सेंटीमीटर. अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक ०.३ किलोग्रॅम झाला तरी जाळीवर १२० किलोग्रॅम वजनाएवढा जोर पडतो. मुलाला तर नाहीच, धडधाकट माणसालाही स्वतःला सोडविता येणार नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी कोमट पाण्याच्या लहान कुंडाच्या तळाशी अशीच अडकून मरण पावली. तिच्या नावाचा, व्हर्जिनिया ग्रॅम बेकर कायदा, तेथे २००७ मध्ये झाला आणि सार्वजनिक तलावांच्या जाळ्या बदलाव्या लागल्या. जाळी सपाट नसून घुमटाकार असावी, म्हणजे शरीराने ती पूर्ण झाकली जात नाही. एकाच नळाला दूर दूर दोन जाळ्या असाव्यात, म्हणजे एक झाकली गेली तरी दुसरीतून पाणी येत राहते व ओढ सैल पडते. जाळी तुटलेली दिसली तर पाण्यात उतरू नये आणि तेथील माणसाला सांगावे. कोणी अडकले तर त्याला ओढीत बसण्यापूर्वी पंप बंद करावा. कळ दाबताच जाळीवरचा बहुतेक सगळा जोर नाहीसा होतो. ती कळ कोठे आहे हे पोहावयास जाल त्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या.